नऊ इंचांची भट्टी, तेरा इंचांची सुरी

सातारा जिल्ह्यातून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ४५, बँकेत नोकरी, घरामागे पत्र्याची शेड. चार वर्षांपासून रविवारी ते स्वयंपाकाच्या सुऱ्या बनवतात. गावातल्या लोहारकाकांकडे बसून कोळशाची भट्टी शिकले. पातं लाल झालं, चुंबक चिकटेनासं झालं की तेलात बुडवायचं, ही त्यांची पद्धत. साठेक सुऱ्या झाल्या, पण त्यांच्याच शब्दांत, ‘दहातल्या चार मनासारख्या निघतात. बाकीच्यांची धार आठवड्यात वळते, नाहीतर खोबरं कापताना टवका उडतो.’ पोलाद ईएन-३१, कधीमधी जुन्या जीपचा कमानपाटा. आता ओळखीतून गिऱ्हाईक येऊ लागलंय आणि त्यांना ‘न गंजणारी’ सुरी हवी आहे, म्हणून डी-२ नावाचं पोलाद आणायचा विचार आहे. हीट ट्रीटमेंटसाठी, म्हणजे पातं तापवून कडक करण्यासाठी, विजेची भट्टी घ्यायची हे ठरलंय. पर्याय तीन : प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातली मफल भट्टी (बंद कप्प्यात तापवणारी), एका परिचितांची वापरलेली कुंभारकामाची मोठी भट्टी, किंवा विटा आणून घरीच बांधलेली. टेंपरिंग (कडक झालेलं पातं मंद तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करणं) घरच्या ओटीजीत, म्हणजे केकच्या ओव्हनमध्ये, करू म्हटलं तर पत्नीने साफ नकार दिला. ते विचारतात, ‘एकदाच घ्यायची तर मोठीच घ्यावी का? आणि ओटीजीचं बायकोला कसं पटवू?’

नमस्कार,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, तो सोपा आहे. वहिनींना पटवायला जाऊ नका. तेलातून निघालेलं पातं कितीही पुसलं तरी दोनशे अंशांवर धुरकटतं, तो धूर ओटीजीच्या भिंतींना बसतो आणि पुढचे कितीतरी केक वंगणाचा वास घेऊन बाहेर येतात. आमच्या घरी हा प्रयोग झालेला आहे. शेडसाठी वेगळा ओटीजी घ्या, जुना चालेल.

आता भट्टी. तुमच्या दोन पानी पत्रात ‘भट्टी’ हा शब्द अकरा वेळा आलाय आणि ‘अंश’ एकदाही नाही. माझी बरीच वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये, साचे-हत्यारांच्या हीट ट्रीटमेंटमध्ये गेली, त्यामुळे नजर आधी तिकडेच जाते.

सहा सुऱ्या बिघडतात त्या कोळशामुळे, असं तुम्ही धरून चालला आहात. मग त्याच कोळशावर लोहारकाकांचे कोयते कसे टिकतात? एक तर ते वर्षानुवर्षं एकच माल वापरतात, कमानपाटा. दुसरं म्हणजे त्यांची भट्टी शेडच्या अंधाऱ्या कोपऱ्यात असते. लालातला कोणता लाल हे उन्हात कुणालाच कळत नाही. आणि कोयत्याला फार कडक धार नकोच असते. उसावर दिवसभर आपटून तुकडा पडू नये एवढं झालं की बस. धार काय, दगडावर दोन हात मारले की परत येते. कमानपाट्यात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या जरा वर. असलं पोलाद चुंबक सुटल्यावर थोडं पुढे नेऊन तेलात टाकलं की काम होतं, चार-दोन अंशांची चूक ते पोटात घालतं.

तुमचं ईएन-३१ घालत नाही. हे बेअरिंगचं पोलाद. त्यात कार्बन सुमारे एक टक्का आणि क्रोमियम साधारण दीड टक्का. दुकानातून बार येतो तो मऊ करून आलेला असतो, म्हणजे त्यातला बराचसा कार्बन क्रोमियमबरोबर बारीक गोळ्यांमध्ये अडकून बसलेला. पात्याला पाणी चढायचं, म्हणजे ते कडक व्हायचं, तर त्या गोळ्यांतला काही कार्बन आधी सुटून पोलादात विरघळायला हवा. त्याला ८२० ते ८४० अंश लागतात आणि त्या तापमानाला दहाएक मिनिटं मुरावं लागतं. चुंबक सुटतं ७७० अंशांच्या आसपास. म्हणजे चुंबक सुटल्याबरोबर तुम्ही पातं तेलात बुडवता तेव्हा कार्बन अजून गोळ्यांतच असतो. अशी सुरी दिसते छान, पण धार वळते.

मग पुढच्या वेळी तुम्ही काय करता? मी पैजेवर सांगते, ‘मागच्या वेळी कमी तापली’ म्हणून पंखा वाढवता. पातं नारंगीच्या पुढे जातं, टोक आणि धार पातळ असल्यामुळे ती आणखी पुढे जातात, पोलादाचा दाणा मोठा होतो आणि खोबऱ्यावर टवका उडतो. तुमच्या दोन तक्रारी एकाच पोलादाच्या आहेत आणि दोघींची कारणं बरोबर उलटी आहेत. मधली पट्टी जेमतेम वीस-तीस अंशांची. ती डोळ्याने दहातल्या चार वेळा सापडते, हे खरं तर कौतुकाचं आहे.

म्हणून भट्टीचे पैसे भरण्याआधी एक रविवार मोडण्यात घालवा. के टाइपचा लांब सळीचा थर्मोकपल (तापमान मोजायची सळी) आणि त्याचा आकडा दाखवणारा, हातात धरायचा डिजिटल मीटर आणा. भट्टीच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे आणि पुढे भट्टी आली तरी तो वाया जात नाही. दोन-अडीच इंची जाड लोखंडी पाइपचं एक तोंड ठोकून बंद करा, तो कोळशात आडवा पुरा आणि थर्मोकपल त्यात सरकवा. आता तुमच्याकडे कोळशावरची मफल भट्टी झाली. ईएन-३१च्या एकाच पट्टीचे बोटभर लांबीचे तीन तुकडे करा. पहिला चुंबक सुटताच, जराही न थांबता, तेलात. दुसरा ८३० अंशांवर दहा मिनिटं मुरवून तेलात. तिसरा मुद्दाम बिघडवा : ९५० अंश, दहा मिनिटं. मग प्रत्येक तुकडा व्हाइसमध्ये धरा, वर जाड फडकं टाका, डोळ्यांना गॉगल लावा आणि हातोडीने मोडा.

मोडलेलं तोंड बघायचं. दुसऱ्या तुकड्याचं तोंड राखाडी, मखमली, मैद्यासारखं दिसेल. बोट फिरवलं तरी कण जाणवणार नाही. तिसऱ्याचं तोंड चमचम करेल, जाड रव्यासारखं. पहिला तुकडा मोडण्याआधी थोडा वाकेल आणि त्यावर कानस घसरण्याऐवजी जरा धरेल. आता तुमच्या जुन्या, टवका उडालेल्या दोन-तीन सुऱ्या काढा आणि त्यांची टोकं मोडून शेजारी ठेवा. (जीवावर येतं, कबूल.) रवा दिसला तर तापमान जास्त झालं होतं. मैदा दिसला आणि तरी टवका उडत असेल, तर बिघाड टेंपरिंगमध्ये किंवा धारेच्या कोनात आहे, आणि जगातली कुठलीही भट्टी तो दुरुस्त करणार नाही.

हा पाइप आणि मीटर वापरून दहातल्या आठ सुऱ्या जमू लागल्या तर भट्टी वर्षभर लांबणीवर टाकायलाही हरकत नाही. पण गिऱ्हाईक येऊ लागलंय, पाइपमध्ये एका वेळी एकच पातं बसतं आणि पंख्याशी झटापट करून वीस मिनिटं तापमान धरून ठेवणं हा रविवार घालवायचा काही आनंदाचा प्रकार नाही. तेव्हा भट्टीचं बोलू.

विजेच्या भट्टीकडून आपण उष्णता विकत घेत नाही, ती कोळसा स्वस्तात देतो. घ्यायची असते ती लांबी आणि एकसारखेपणा. आणि लांबीतच बहुतेक जण फसतात.

आपल्याकडे प्रयोगशाळेसाठी ज्या मफल भट्ट्या तयार मिळतात त्यांची आतली मापं ठरलेली असतात : ४ बाय ४ बाय ९ इंच, ५ बाय ५ बाय १०, ६ बाय ६ बाय १२. त्या धान्याची, कोळशाची, मातीची राख किती उरते हे बघायला बनलेल्या असतात. तिथे एक छोटी वाटी मावली की झालं. तुम्ही आठ इंची पात्याची सुरी करता, त्यात मुठीत जाणारा भाग धरला की एकूण माप तेरा इंच. नऊ इंची भट्टीत तेरा इंची सुरी जात नाही हे सांगायला मेटलर्जी लागत नाही, पण दुकानात उभं राहिल्यावर हे सुचत नाही, कारण बाहेरचा पत्र्याचा डबा चांगला ऐसपैस दिसतो. आणि बारा इंची भट्टीत बारा इंचही वापरता येत नाहीत. दारालगतचे दोन-तीन इंच नेहमी थंड असतात. तिथे पात्याचं टोक आलं तर तेच मऊ राहणार. मूठ दाराकडे, टोक आत, हा नियम यासाठीच.

दुसरं पाटीवरचं तापमान. यातल्या बऱ्याच स्वस्त भट्ट्यांवर कमाल ९०० किंवा १००० अंश लिहिलेलं असतं. ईएन-३१साठी ९००ची चालेल, पण रोज तिच्या कुवतीच्या टोकाशी वापरली तर तारा लवकर जातील. डी-२ला १०१० ते १०२५ लागतात, तिथे ही भट्टी बादच. पाटीवर १२०० हवं, म्हणजे ती आयुष्यभर आरामात राहील.

वापरलेली कुंभारकामाची भट्टी नको. ती वरून उघडते, म्हणजे ८३० अंशांचा झोत तोंडावर घेत सांडशी आत घालायची. तिला थ्री-फेज लागू शकतो, ती हळूहळू तापायला बनवलेली असते, आणि जुन्या भट्ट्यांमध्ये तापमान धरून ठेवायची सोयच नसते. आत ठेवलेला मातीचा शंकू ठरल्या तापमानाला वाकला की वीज बंद, एवढंच तिला कळतं. परिचितांना सांगा, एखादी पॉटरी शिकवणारी ताई ती आनंदाने नेईल.

मग ‘एकदाच घ्यायची तर मोठीच’ याचं काय? भट्टी म्हणजे फ्रिज नव्हे. आतली जागा दुप्पट केली की वीज जास्त, वेळ जास्त आणि कोपऱ्याकोपऱ्यातला फरकही जास्त. सुरीला लांबट, अरुंद भट्टी हवी, बोगद्यासारखी. अमेरिकेत सुऱ्या बनवणाऱ्यांसाठी अशा खास भट्ट्या विकतात, आत १८ किंवा साडेबावीस इंच खोल. मागवायची झाली तर २४० व्होल्टचीच मागवा. आपल्या २३० व्होल्टवर तिची ताकद सुमारे आठ टक्क्यांनी कमी होईल, बाकी काही बिघडणार नाही. १२० व्होल्टची चुकून आली आणि थेट आपल्या सॉकेटला लावली तर पहिल्याच दिवशी तार जळेल. पण वाहतूक आणि ड्यूटी धरली तर मला हा मार्ग तुमच्यासाठी पटत नाही.

त्यापेक्षा पुणे किंवा कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतीत भट्ट्या बनवणारे छोटे कारखानदार आहेत, त्यांच्याकडून मापाने करून घ्या. त्यांना कागदावर लिहून द्या : आतली रुंदी ६ इंच, उंची ५ ते ६ इंच, खोली १६ ते १८ इंच, कमाल १२०० अंश, सिंगल फेज, तीन किलोवॉट, आत इन्सुलेशन विटा, दार बाजूला उघडणारं, दाराला स्विच, रॅम्प-सोकवाला पीआयडी कंट्रोलर (ठरल्या वेगाने तापवून तापमान धरून ठेवणारा). उद्या विळीची पाती करायचं मनात असेल तर आत्ताच सांगा. विळीच्या पात्याचा बाक मोजून बघा, सहा इंचात तो आडवाच काय, तिरकाही बसत नाही.

दाराच्या स्विचवर कारखानदार नाक मुरडेल, ‘मॅडम, कोणी लावत नाही.’ लावून घ्या. आत खाचांमध्ये बसवलेली तार उघडी असते आणि चालू असताना तिच्यात वीज असते. तुम्ही लोखंडी सांडशीने पातं ओढताना सांडशी तारेला टेकली तर काय होईल ते सांगायला नको. दार उघडलं की तारेची वीज गेली पाहिजे. घरी मुलं असतील तर यावर चर्चाच नको.

दुसरी अट : तारेची वीज चालू-बंद करणाऱ्या सॉलिड स्टेट रिलेच्या (इलेक्ट्रॉनिक स्विचच्या) मागे एक साधा कॉन्टॅक्टर (यांत्रिक स्विच) आणि वेगळा ओव्हर-टेंपरेचर कट, म्हणजे तापमान हद्दीबाहेर गेलं की वीज तोडणारा. हे रिले बिघडतात तेव्हा बहुधा बंद पडत नाहीत, चालूच राहतात. पडद्यावर आकडा वाढत जातो, कंट्रोलर बिचारा ‘बंद कर’ म्हणत राहतो आणि ऐकायला कोणी नसतं. टूलरूममध्ये एकदा जेवणाच्या सुट्टीत हे झालं होतं. परत आलो तेव्हा आतल्या पंचेसवर (भोकं पाडायच्या हत्यारांवर) जळक्या खाऱ्या शेंगदाण्याच्या सालीसारखी खपली आली होती.

आतमध्ये वीट का, सिरॅमिक फायबर का नाही? फायबरची भट्टी हलकी असते आणि पटकन तापते, हे खरं. पण वारंवार तापून ते अस्तर ठिसूळ होतं, त्याची धूळ सुटते आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने हे तंतू ‘कर्करोगाची शक्यता’ असलेल्या गटात टाकलेत. कारखान्यात मास्क, एक्झॉस्ट सगळं असतं. तुमच्या शेडमध्ये टेबलफॅन असेल. शिवाय दार उघडून थंड पातं आत ठेवलं की वीट साठवलेली उष्णता परत देते, तापमान लवकर सावरतं.

घरी बांधायचा पर्याय मी हाणून पाडत नाही, तुमच्या हातात ते कसब दिसतं. १२६० अंशांपर्यंतच्या हलक्या इन्सुलेशन विटा करवतीने पावासारख्या कापल्या जातात, खाचा काढायलाही सोप्या. हिशोब एवढाच : २३० व्होल्टवर तीन किलोवॉट म्हणजे १३ अँपिअर, म्हणजे तारेचा एकूण रोध साडेसतरा ओहमच्या आसपास. कॅन्थल ए-१ची १.३ मिलिमीटर जाडीची तार घेतली तर साधारण सोळा मीटर. कॉइल ओढून खाचेत नीट बसवून मगच पहिल्यांदा तापवा, कारण एकदा तापली की ही तार काचेसारखी ठिसूळ होते. नंतर ‘जरा सरळ करू’ म्हणून बोट लावलं की तुकडा हातात. इलेक्ट्रिकचं जोडकाम मात्र माहीतगाराकडून. आणि यातून वाचतात ते पैसे, वेळ अजिबात नाही. पुढचे सहा महिने तुम्ही भट्ट्या बनवाल, सुऱ्या नाही.

आता एक माझी फजिती, कारण ती तुमच्याही वाटेत येणार आहे. माझी पहिली घरगुती भट्टी मीच जोडली होती. थर्मोकपलची तार कंट्रोलरपर्यंत पोचेना, म्हणून घरात होती ती साधी तांब्याची वायर जोडून वाढवली. आकडे छान दिसत होते. मी ८३० लावायचे, वर ‘असू दे थोडं जास्त’ म्हणून सोकिंगही (मुरायला वेळ) भरपूर द्यायचे. आणि पात्यांचे टवके उडत होते. महिनाभर पोलादवाल्याला नावं ठेवली. मग एका रात्री मिठाची परीक्षा केली : लोखंडाच्या छोट्या झाकणात चिमूटभर मीठ ठेवलं आणि पाच-पाच अंशांनी तापमान चढवत दाराच्या फटीतून बघत बसले. मीठ वितळतं ८०१ अंशांना. पडद्यावर ७७१ आकडा होता आणि झाकणात पाणी चमकत होतं. तीस अंश गायब. माझा जोड भट्टीच्या मागच्या पत्र्यापाशी होता, पत्रा चटका देणारा, आणि कंट्रोलर लांब गार भिंतीवर. थर्मोकपल गरम टोक आणि गार टोक यांच्यातला फरक मोजतो. मधला तीस अंशांचा तुकडा माझ्या तांब्याच्या वायरने गिळला होता. त्या जागी के टाइपचीच वाढीव तार लावली आणि पोलादवाल्याशी परत बोलायला लागले.

भट्टी नवी येवो, जुनी येवो, पहिल्या दिवशी मिठाची परीक्षा कराच. मीठ चिमूटभरच आणि परीक्षा झाली की झाकण बाहेर. त्याची वाफ तारांना चांगली नाही. वरच्या तापमानासाठी सराफाकडून शुद्ध चांदीचा मोहरीएवढा मणी आणा, तो ९६२ अंशांना वितळतो आणि परत वापरता येतो. थर्मोकपलचं टोक पात्याच्या शेजारी हवं, छताला चिकटलेलं नको. पातं पाठीवर उभं, धार वर, विटेच्या खाचेत. बाजूच्या तारांपासून लांब.

विजेचं थोडक्यात. बिलावर ‘मंजूर भार’ बघा. बऱ्याच जुन्या घरांत तो एक-दोन किलोवॉटच असतो. तो आधी वाढवून घ्या. शेडपर्यंत वेगळी लाइन, स्वतःचा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा) आणि खरोखरचं अर्थिंग. एका रविवारच्या कामाला पाच-सहा युनिट जातील. तुमच्याकडच्या पावसात एक गंमत होईल : विटा दमट हवा पितात आणि भट्टी लावली की आरसीसीबी खाली पडतो. तो काढून टाकायचा नाही. भट्टी पावसाआधीपासून आठवड्यातून एकदा तरी तापवत राहायची, एरवी वर प्लॅस्टिक न घालता कोरड्या जागी ठेवायची. आणि सोकिंगच्या मध्येच वीज गेली तर घाबरू नका. दार उघडू नका. तापमान अजून ८१५च्या वर आहे आणि दहा मिनिटं होत आली आहेत, तर सरळ तेलात बुडवा; नाहीतर आतच थंड होऊ द्या आणि पुन्हा सुरुवात करा. पोलाद काही नासलं नाही.

तेलाबद्दल : गाडीचं काळं जुनं तेल वापरत असाल तर थांबवा. क्वेंचिंग ऑइल, म्हणजे तापलेलं पातं बुडवून गार करायचं खास तेल, मिळतं, ते घ्या, ५० ते ६० अंश कोमट करा, लोखंडी उभ्या डब्यात भरा आणि घट्ट झाकण हाताशी ठेवा. पेटलं तर झाकण, पाणी कधीही नाही. फ्लॅटच्या बाल्कनीत हे करायचा विचार असलेल्या वाचकांना मी इथेच नाही म्हणते.

आता डी-२. तुमच्या गिऱ्हाइकाला न गंजणारी सुरी हवी आहे आणि डी-२ ती नाही. त्यात क्रोमियम ११ ते १३ टक्के असतं खरं, पण कार्बनही दीड टक्का, आणि बरंचसं क्रोमियम कार्बनला धरून बसतं. लिंबू कापून सुरी तशीच ठेवली की सकाळी डाग. शिवाय हजार अंशांवर उघड्या हवेत पात्याचा वरचा थर कार्बन गमावतो, म्हणून स्टेनलेस फॉइलचं पाकीट हवं. त्या फॉइलच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. नंतर तेल नाही, दोन जाड अॅल्युमिनिअमच्या पाट्यांमध्ये दाबून थंड करायचं. हे सगळं एक-दोन सुऱ्यांसाठी करू नका. गिऱ्हाइकाला खरं स्टेनलेसच हवं असेल तर ४४०-सी वगैरे पोलाद आणा, पाती घासून तयार करा, दहा-पंधरा जमली की व्हॅक्यूम (निर्वात भट्टीत) हीट ट्रीटमेंट करणाऱ्या जॉबवर्कवाल्याकडे द्या. ते किलोवर पैसे लावतात आणि कमीत कमी रक्कम ठरलेली असते, म्हणून जमवून द्यायची. देताना पोलादाचं नाव आणि हवा तो रॉकवेल आकडा (कडकपणाचं माप), समजा ५८ ते ६०, चिठ्ठीवर लिहा. नुसतं ‘कडक करून द्या’ म्हणालात तर ते त्यांच्या इतर मालाबरोबर घालतील. भट्टीवर डी-२चा भार टाकायचा नसेल तर तुमचं बजेटही बरंच खाली येतं, हे लक्षात घ्या.

राहिलं टेंपरिंग. मोठ्या भट्टीत ते करायला जाऊ नका. ८३० वरून २०० पर्यंत उतरायला तिला कित्येक तास लागतात आणि तेवढा वेळ क्वेंच केलेलं पातं तसंच ठेवणं म्हणजे तडा मागून घेणं. म्हणून तो वेगळा ओटीजी. पातं हाताला सोसवेल इतकं गार झालं की साबणाने धुऊन, पुसून लगेच आत. ओटीजीचा थर्मोस्टॅट वीस-तीस अंश सहज वरखाली करतो, त्यामुळे ट्रेमध्ये दोन इंच कोरडी वाळू भरा, पातं वाळूत पुरा आणि तुमच्या त्या मीटरची सळीही वाळूतच खुपसा. बटणावरचा आकडा विसरा. ईएन-३१साठी २०० अंश, दोन तास, गार करा, परत दोन तास. खोबरं, भोपळा, हाडं असल्या कामाची सुरी असेल तर २२०.

तर माझ्या मते क्रम असा : मीटर आणि पाइप या महिन्यात, तीन तुकडे मोडणं येत्या रविवारी, जुना ओटीजी दिवाळीच्या साफसफाईत कुणीतरी काढेल तो, आणि भट्टीची ऑर्डर तुकडे बघितल्यावर. ऑर्डर द्यायला जाताना तुमची सगळ्यात लांब सुरी सोबत न्या. तयार भट्टी ताब्यात घ्यायच्या दिवशी ती आत ठेवून दार लावून बघा, आणि खिशात मिठाची पुडी असू द्या.

तुकड्यांचे फोटो मला जरूर पाठवा. फ्लॅश लावू नका, त्यात रवा-मैदा सारखाच दिसतो. चार-साडेचारचं तिरकं ऊन खिडकीतून येतं तेव्हा काढा, आणि शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा.